मधल्या रांगेतली गाडी

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि माझी नात जालन्यात आमच्याकडे अडकली. ती पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. चार दिवसांसाठी म्हणून आलेली पोर, सोबत दोन ड्रेस आणि एक जाडजूड वही. वहीच्या पुठ्ठ्यावर काळ्या तेलाचे डाग.

"कसली गं ही वही?" मी विचारलं.

"आमच्या गाडीची, आबा."

मला वाटलं, कॉलेजला जायची स्कूटी असेल. पण ही गाडी निघाली शर्यतीची, आणि तीही पोरापोरींनी स्वतः बनवलेली! मी पडलो मराठीचा मास्तर. स्कूटरचा प्लग पुसण्यापलीकडे यंत्राशी माझा संबंध नाही. पण बाहेर जायची सोय नव्हती, वर्तमानपत्रही बंद झालं होतं. मग रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी एका मोटारीचं चरित्र ऐकलं.

टीव्हीवर ग्रां प्री शर्यती दिसतात ना, फॉर्म्युला वनच्या, त्यांचं हे शिकाऊ भावंड. अमेरिकेत टेक्सासमध्ये 1981 साली विद्यार्थ्यांसाठी ही स्पर्धा सुरू झाली आणि मग जगभर पसरली. आपल्याकडे तिचं नाव फॉर्म्युला भारत. ती जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. कारी म्हणजे एस. करिवर्धन. मारुतीचं इंजिन घेऊन त्यांनी भारतात शर्यतीच्या छोट्या गाड्या घडवल्या. 1995 साली विमान अपघातात ते गेले. त्यांचं नाव त्या मैदानाला आहे.

नियम ऐकून मला गंमत वाटली. इंजिन 710 सीसीच्या आत हवं. त्याला लागणारी सगळी हवा फक्त 20 मिलिमीटरच्या भोकातून आत गेली पाहिजे, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या. बिनघोर ताकद वाढवायची सोयच नाही! यांनी केटीएम 390 मोटारसायकलचं इंजिन घेतलं होतं. ती मोटारसायकल पुण्याजवळ चाकणलाच बनते. सांगाडा पोलादी नळ्यांचा. "नळ्या आपल्या जालन्याच्या का गं?" मी जरा ऐटीत विचारलं. ती हसली. "आबा, आपल्या जालन्याची सळई सिमेंटात पुरायला. ह्या नळ्या वेगळ्या, पातळ आणि चिवट."

आणि परीक्षा! हा भाग मात्र मास्तराला लगेच कळला. एकूण गुण 1000. त्यातले 325 गाडी जागेवर उभी असताना मिळतात. गाडीची रचना अशीच का केली, याच्या तोंडी परीक्षेला 150, खर्चाच्या हिशेबाला 100 आणि धंद्याच्या आराखड्याला 75. उरलेले 675 धावण्याचे. 75 मीटर सरळ पळायचं, तो आमच्या भोकरदनकडचा शंकरपटच म्हणा. घड्याळ लावून वेळ मोजायची. मग इंग्रजी आठच्या आकड्यात वळायचं, मग वळणावळणाचा एक फेरा. आणि सगळ्यात मोठा पेपर शेवटी. सुमारे 22 किलोमीटर सलग धावणं, मध्यावर चालक बदलायचा, इंजिन बंद करून पुन्हा चालू करायचं. त्याला 325 गुण, आणि इंधन किती लागलं याचे आणखी 100. गाडी अर्ध्यावर थांबली तर हे 425 च्या 425 गेले!

धावण्याआधीही गाळणी आहेच. गाडी एका फळीवर बांधून 60 अंशांत कलती करतात. थेंबभर तेल गळता कामा नये. ब्रेक दाबला की चारही चाकं जागच्या जागी अडकली पाहिजेत. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे.

2019 साली यांची गाडी सोळा किलोमीटर छान धावली. मग मागची चेन उतरली आणि गाडी थांबली. पहिल्या दहात येण्याची स्वप्नं बघणारी मुलं यादीच्या तळाशी गेली.

हे सांगताना नात गप्प झाली. वहीचं एक पान उघडून तिनं माझ्यापुढे धरलं. त्यावर बोल्टांची यादी, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

"आबा, बोल्ट आवळला की त्यावर रंगाची एक रेघ मारतात. बोल्ट सैल झाला तर रेघ सरकलेली दिसते. आदल्या रात्री तीन वाजता मी रेघा मारत होते. चेनच्या चाकाच्या एका बोल्टवर मी रेघ मारली, पण तो आवळलाच नव्हता. सकाळी सगळ्यांनी रेघ पाहिली आणि पुढे गेले."

"मग?"

"सहा महिने कोणाला सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये नव्या गाडीची पहिली बैठक झाली, तिथे सांगितलं. कोणी रागावलं नाही. फक्त नवा नियम केला. एकानं आवळायचं, दुसऱ्यानं तपासून रेघ मारायची."

नवी गाडी जुनीहून वजनदार झाली. पुढचे-मागचे पंख लावायचा बेत त्यांनी सोडून दिला. पंख हवेच्या दाबानं गाडीला वळणावर जमिनीला धरून ठेवतात म्हणे, पण ते बनवण्यात महिना गेला असता. त्याऐवजी गाडी दिवाळीच्या सुमाराला उभी केली आणि दर रविवारी एका कारखान्याच्या रिकाम्या आवारात प्लास्टिकचे शंकू मांडून ती पळवली. काय मोडतं ते बघायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा पळवायचं. जानेवारी 2020 मध्ये कोइम्बतूरला ती 75 मीटरमध्ये सावकाश निघाली, आठच्या आकड्यात बेताची. पण 22 किलोमीटर पूर्ण करून आली. एकूण यादीत बरोबर मधोमध.

"बातमी कुठे छापून आली नाही," नात म्हणाली. "मधल्यांची येत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तिच्या गाडीचं नव्हतं, त्या रेघेचं होतं.

मी चौतीस वर्षं शिकवलं. वर्गात साठ मुलं. पहिली पाच-सहा मला नावानं पाठ असत, शेवटची पाच-सहा तर घरच्या पत्त्यासकट. मधली पन्नासेक? निकालाच्या आदल्या रात्री प्रगतिपुस्तकांची चळत घेऊन बसायचो आणि त्यांच्यापुढे एकच शेरा लिहीत जायचो, "समाधानकारक". मूल आठवायचं नाही, वही आठवायची नाही. हात चालत राहायचा. खाली मुख्याध्यापक सही करत, पालक सही करत. सगळ्यांनी माझी रेघ पाहिली आणि पुढे गेले.

काही वर्षांपूर्वी मोंढ्यात पन्नाशीचा एक गृहस्थ वाकून पाया पडला. नाव सांगितलं, तरी मला चेहरा लागेना. "सर, मी तिसऱ्या बाकावर बसायचो," तो म्हणाला. "माझ्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही चारही वेळा समाधानकारक लिहिलं होतं. माझ्या आईनं ते जपून ठेवलंय." तो हे आनंदानं सांगत होता. बियाण्याचं दुकान आहे, दोन मुली शिकतात, सगळं नीट चाललंय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "वा, वा" म्हणालो.

सकाळी हे सगळं नातीला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या आबा, तो काळच तसा होता. ती तसं म्हणाली नाही. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्याला सांगितलंत?"

नाही सांगितलं. आता काय सांगणार, की तुझ्या आईनं जपलेला तो शब्द मी न बघता लिहिला होता? नातीच्या गाडीला दुसरा जानेवारी मिळाला. माझ्या त्या वर्गांना मिळणार नाही.

तिची वही मात्र तिनं जाताना माझ्याकडे ठेवली. अधूनमधून उघडतो. नव्या गाडीच्या पानांवर प्रत्येक बोल्टापुढे दोन सह्या आहेत, दोन वेगवेगळ्या अक्षरांत. असो.