न्यू फोल्डर

आपाचा मुलगा पुण्यात शिकायला गेला. तिथे त्याने कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप विकत घेतला आणि रात्री आम्हाला फोन केला, "मामू, यात अँटिव्हायरस कुठला टाकू?" प्रश्न अर्ध्या मिनिटाचा होता. उत्तर द्यायला आम्हाला पाऊण तास लागला. शेवटी पोरगा वैतागून म्हणाला, "मामू, नुसतं नाव सांगा ना!"

नुसते नाव सांगता आले असते तर फार बरे झाले असते. पण हा प्रश्न आमच्या घरात गेली वीस वर्षे मुक्कामाला आहे, आणि त्याच्या पायी जे गेले ते अजून पुरते परत आलेले नाही.

आमच्या मिरजेच्या घरी संगणक आला तो 2006 साली, रमजान ईदच्या पाठोपाठ. अब्बा त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे हाती आले तेव्हा अम्मीला स्वयंपाकघरावर नवे पत्रे हवे होते. अब्बांनी सांगलीहून संगणक जुळवून आणला. त्यांना मिरजेच्या सतारमेकरांवर पुस्तक लिहायचे होते. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्यांकडे कशी वळली, पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांतून तंबोऱ्याचा भोपळा कसा निवडतात, जवारी काढताना हात कधी थांबवायचा, हे सगळे म्हाताऱ्या कारागिरांच्या तोंडून ऐकून ते वहीत टिपून घेत आणि रात्री एका बोटाने श्रीलिपीत उतरवत. एक मुलाखत उतरून झाली की ती वही रद्दीत जाई. "एकदा संगणकात गेलं म्हणजे पक्कं झालं," असे ते म्हणत. शाळेत आयुष्यभर दप्तर सांभाळलेला माणूस, पण त्या पेटीवर त्यांचा भलताच विश्वास बसला होता.

अम्मीने जुन्या ओढणीचे कव्हर शिवले. दुकानदार जाताना म्हणाला होता, "चाचा, व्हायरसपासून सांभाळा." ते ऐकून अम्मीने विचारले, "इसकू भी बुखार आता क्या?" आम्ही सगळे हसलो. ताप येणार होता आणि तो कुठल्या वाटेने येणार हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

तो पेन ड्राइव्हमधून आला. 2008 साली अब्बांनी चार मुलाखती छापून घ्यायला डीटीपीच्या दुकानात नेल्या होत्या. परत आल्यावर पेन ड्राइव्ह लावला तर त्यात 'न्यू फोल्डर' नावाचा एक पिवळा फोल्डर दिसला. हा आपण केलेला नाही, मग आत काय आहे, असे म्हणून अब्बांनी तो उघडला. काहीच घडले नाही, म्हणून पुन्हा उघडला.

तो फोल्डर नव्हताच. तो फोल्डरचे चित्र चिकटवलेला एक प्रोग्राम होता. फाइलच्या नावापुढे टिंब देऊन जे आडनाव असते, त्यावरून ती कागद आहे, चित्र आहे की चालणारा प्रोग्राम आहे ते कळते. विंडोज हे आडनाव मूळ मांडणीत लपवूनच ठेवते. त्यामुळे 'एक्स' (ई-एक्स-ई) आडनावाचा उपरा गडी नुसता 'न्यू फोल्डर' म्हणून घरात शिरला. आडनावावरून माणूस ओळखू नये हे आम्हाला कुणी सांगायला नको; फाइल मात्र आडनावावरूनच ओळखावी. ते आडनाव उघडे ठेवण्याची सोय विंडोजमध्येच आहे आणि तिला एक पैसा पडत नाही. शिवाय तेव्हाच्या एक्सपीवर पेन ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची 'ऑटोरन'ची सवय होती. ती मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर 2011 साली मोडून काढली. आमच्यासाठी तीन वर्षे उशीर झाला होता.

चार-आठ दिवसांत संगणक रखडू लागला आणि एका सकाळी 'मुलाखती' नावाचा फोल्डर दिसेनासा झाला. चौदा मुलाखती होत्या त्यात. आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दहा मिनिटे खटपट केली आणि निकाल दिला, "सगळं खाल्लंय व्हायरसनं. फॉरमॅट मारावा लागेल."

"आणि आतलं?" अब्बांनी विचारले.

"आतलं गेलंच की चाचा."

आम्ही मान डोलावली. त्याने डिस्क पुसून नवे विंडोज भरले, तीनशे रुपये घेतले आणि चहा पिऊन गेला. डीटीपीवाल्याकडे चार मुलाखतींच्या छापील प्रती सापडल्या. उरलेल्या दहांपैकी दोन कारागीर तोवर अल्लाला प्यारे झाले होते. पुढच्या काही वर्षांत आणखी तिघे गेले. अब्बांनी पुस्तकाचा विषय पुन्हा काढला नाही.

इथून आमची अँटिव्हायरसची खरेदी सुरू झाली. म्हणजे चोरी झाल्यावर आम्ही कुलपे बघत हिंडू लागलो. पहिल्यांदा एका ओळखीच्याने फुकटात 'क्रॅक' केलेला अँटिव्हायरस आणून दिला. चोरीचे कुलूप! ते चालू करण्यासाठी दिलेल्या छोट्या प्रोग्राममध्येच नवा व्हायरस होता. मग वाटले, एकाने भागत नसेल तर दोन टाकावेत. संगणक जागचा हलेना. अँटिव्हायरस उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलच्या दारात उभा राहून तिची झडती घेतो. दोन पहारेकरी एकाच दारात उभे राहिले की दोघेही त्याच पाहुण्याला अडवतात आणि एकमेकांच्या झोळ्याही तपासत बसतात. मग एके दिवशी पडद्यावर लाल पाटी आली, संगणकात शेकडो व्हायरस सापडले आहेत, सफाईसाठी ताबडतोब पैसे भरा. अब्बा बँकेचे कार्ड आणायला उठलेही होते. आपाने तारच उपसली म्हणून वाचलो. ती पाटी हाच खरा ठग होता. असे खोटे अँटिव्हायरस त्या काळात जगभर बोकाळले होते.

शेवटी रीतसर पैसे मोजून पाकीट आणले. त्याने पहिल्याच दिवशी अब्बांचा मराठी टायपिंगचा छोटा प्रोग्राम संशयित म्हणून विलगीकरणात टाकला. त्याचेही समजण्यासारखे आहे. अँटिव्हायरसजवळ माहीतगार गुन्हेगारांच्या ठशांची वही असते. ठसा जुळला तर प्रश्न नाही. जो वहीत नाही त्याच्या चालचलणुकीवरून अंदाज बांधावा लागतो, आणि लाखो लोक वापरतात त्या प्रोग्रामपेक्षा थोड्याच लोकांच्या ओळखीचा प्रोग्राम आधी अडकतो. चांगला अँटिव्हायरस म्हणजे चोर सोडत नाही तो, तसाच सावालाही पकडत नाही तो. दुकानात ही दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही.

व्हायरसांच्या इतिहासात आम्ही नंतर बरेच रमलो. पीसीवर पसरलेला पहिला मोठा व्हायरस 'ब्रेन' 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, आणि त्यात चक्क आपली नावे, पत्ता आणि फोन नंबर घातला! आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला पकडण्यासाठी तो केला, असे त्यांचे म्हणणे. आणि आपल्याकडे? पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि संगणक शिकणारा त्यांचा धाकटा भाऊ संजय यांनी 1990 च्या दशकात क्विक हील उभे केले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले व्हायरस काढता काढता त्याचा जन्म झाला. इकडेही भाऊ, तिकडेही भाऊ. अब्बांना ही जोडी फार आवडे.

एवढे सगळे भाच्याला सांगून झाल्यावर मुद्द्यावर आलो. आम्ही आधी विचारले, विंडोज कुठले? तो म्हणाला, दहा. मग अँटिव्हायरस नंतर, आधी ते बघ. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. यंत्र झेपावणारे असेल तर 11 फुकट चढते. भिंतीला भगदाड असताना दाराला कितीही भारी कुलूप लावून उपयोग नसतो. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कोंडून खंडणी मागितली, तेव्हा त्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती चढवली नव्हती ते सापडले.

दुसरे, तुझ्या लॅपटॉपमध्ये अँटिव्हायरस आहेच. 2012 च्या विंडोज 8 पासून डिफेंडर अंगचाच येतो. दुसरा टाकलास की तो आपणहून बाजूला होतो. घरच्या वापराला आणि शिकणाऱ्या मुलाला तो पुरतो, असे आमचे मत झाले आहे. पटत नसेल तर जर्मनीतल्या एव्ही-टेस्टचे आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जचे निकाल बघ. पकडतो किती, यंत्र किती रखडवतो आणि सावाला किती वेळा अडवतो, हे ते वेगवेगळे मोजतात. दुकानदार तिन्ही सांगणार नाही.

"पण फुकटचे दुसरेही आहेत ना?" त्याने विचारले. आहेत, आणि काही चांगलेही आहेत. पण अँटिव्हायरसला घरातली प्रत्येक खोली उघडून दाखवावी लागते. अव्हास्टने आपल्या वापरणाऱ्यांची इंटरनेटवरची भटकंती एका उपकंपनीमार्फत विकली. बोभाटा झाल्यावर ती उपकंपनी 2020 मध्ये बंद केली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यांच्यावर 1 कोटी 65 लाख डॉलरचा बोजा टाकला. त्याच वर्षी अमेरिकेने रशियाच्या कॅस्परस्कीची विक्री बंद केली. कंपनीने आरोप नाकारले. खरेखोटे बाजूला ठेव. पहारेकरी कुणाच्या पगारावर आहे हे विचारायचे, एवढेच. विकतचा घेतलास तर वर्ष संपताना कार्डावरून आपोआप पैसे जाणार नाहीत ना, तेही बघून ठेव.

मग किरकोळ सूचना झाल्या. रोजच्या कामाला साधे खाते वापर, मालकाचे नको. फुकटात मिळालेला महागडा प्रोग्राम टाकू नकोस. मोबाइलवर लग्नाची पत्रिका म्हणून 'एपीके' आडनावाची फाइल आली तर दुल्हा कितीही जवळचा असो, उघडायची नाही. एखाद्या फाइलचा संशय आला तर व्हायरसटोटलवर चढवून अनेक अँटिव्हायरसांचे मत एकदम घेता येते. मात्र तिथे चढवलेले दुसऱ्यांच्याही हाती जाते, तेव्हा घरचे कागद नकोत.

"आणि नक्कल," आम्ही म्हणालो. "दोन ठिकाणी. त्यातली एक यंत्राला न जोडलेली." आमच्याकडे दर जुम्म्याला नमाजनंतर अब्बांची आणि घरातली कागदपत्रे एका डिस्कवर उतरतात. मग ती डिस्क काढून घराच्या खरेदीखताबरोबर पत्र्याच्या पेटीत जाते. खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही कोंडतो, पेटीतली कोंडू शकत नाही.

"एवढं कशाला मामू? गेलेलं परत काढता येतं की," भाचा म्हणाला. आणि मग आम्ही त्याला ती गोष्ट सांगितली. 2010 च्या सुमारास एका इंजिनिअर झालेल्या चुलतभावाने आमच्या व्हायरसचे वर्णन ऐकून सांगितले होते, की त्या जातीचे व्हायरस फोल्डर खात नसत, फक्त लपवत. फोल्डरवर 'लपलेला' अशी खूण मारत आणि त्याच नावाने स्वतः समोर बसत. एका ओळीची आज्ञा दिली असती तर चौदाच्या चौदा मुलाखती बहुधा पडद्यावर आल्या असत्या. व्हायरसने त्या लपवल्या होत्या. पुसल्या आम्ही, तीनशे रुपये देऊन.

फोन ठेवला तेव्हा अब्बा दारात उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत, कान मात्र शाबूत. पंधरा वर्षे ही एक गोष्ट आम्ही त्यांच्यापासून राखली होती.

"म्हणजे होतं सगळं तिथंच?"

"हो, अब्बा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुर्ची ओढून बसले. "त्या थोरल्या चाचांचं जवारीचं मला आठवतंय," ते म्हणाले. "सगळं नाही. हात कधी थांबवायचा ते आठवतंय. लिहून घेतोस?"

अम्मीने संगणकावरचे कव्हर काढले. आधी वहीत लिही, असे अब्बांनी सांगितले, म्हणून आम्ही वही शोधायला उठलो.