घर कोणाच्या नावावर?

लेस्टरमधलं घर मी आणि माझ्या जोडीदाराने मिळून पाहिलं आणि पसंत केलं. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या व्हिसाची मुदत तेव्हा संपत आली होती, म्हणून कर्ज आणि खरेदी दोन्ही त्याच्या एकट्याच्या नावावर झाली. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा. किराणा, वीजबिल, कौन्सिल टॅक्स आणि मुलीच्या पाळणाघराची फी माझ्या. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "घर माझं आहे."

इतकी वर्षं एकत्र राहिलं की हक्क आपोआप मिळतो, असं मैत्रिणी छातीठोकपणे सांगत. सॉलिसिटरबाईंनी पहिल्याच भेटीत तो भ्रम मोडला. घटस्फोटात न्यायाधीश गरज पाहून वाटणी करतात. बिनलग्नाच्या जोडप्याला मात्र इंग्लंडमध्ये ट्रस्टचा कायदा लागू होतो. त्यांनी १९८४चा बर्न्स खटला सांगितला. त्यातली बाई जोडीदाराबरोबर १९ वर्षं राहिली, दोन मुलं वाढवली, आडनावही त्याचंच लावलं. घरातला वाटा: शून्य. स्कॉटलंडमध्ये २००६च्या कायद्याने अशा जोडीदाराला थोडा आधार दिलाय, पण लेस्टर काही स्कॉटलंडमध्ये नाही.

मग चौकशी सुरू झाली. घर घेताना काय बोलणं झालं? कोणत्या शब्दांत? कोणासमोर? जुनी बँक स्टेटमेंटं टेबलावर पसरली. मागे खोली वाढवली तेव्हा बिल्डरला गेलेली रक्कम माझी होती, सांगलीचा प्लॉट विकून आलेली. त्याच आठवड्यातला त्याचा मेसेज सापडला: 'निम्मं घर तुझंच आहे, कागदाचं नंतर बघू.' बाईंनी त्यावर पिवळ्या पेनाने जाड रेघ ओढली. किराण्याच्या पावत्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. घर दोघांचं असं ठरलं होतं आणि त्या भरवशावर मी पदरमोड केली, हे दाखवायचं होतं.

नावं दोघांची असती, तर सुरुवातच निम्म्या-निम्म्यापासून झाली असती. तेही अटळ नसतं म्हणा. २०११च्या जोन्स विरुद्ध कर्नॉट खटल्यात दोघांची नावं असूनही वाटणी ९०-१० झाली, कारण त्यातला पुरुष १९९३मध्येच घर सोडून गेला होता.

आमचं कोर्टापर्यंत गेलं नाही. मध्यस्थासमोर तडजोड झाली. निम्मं मिळालं नाही. खोलीचे पैसे आणि वर थोडं मिळालं, त्यातून वकिलाची फी गेली.

इंग्लंडमध्ये लग्न न करता एकत्र घर घेत असाल, तर खरेदीच्या वेळीच वकिलाकडून डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट करून घ्या आणि कोणाचा वाटा किती, ते त्यात आकड्यात लिहा.