साडेदहाचे शटर

आमच्या गल्लीत वेळ कळायला घड्याळ लागत नाही. सकाळी दहाला कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानाचे शटर वर जाते, रात्री साडेदहाला खाली येते. दहाच्या आधी वडील आमचे असतात. साडेदहाचे शटर वाजले की आईच्या जिवात जीव येतो, कारण आता ते पुन्हा बाहेर पडणार नाहीत.

वाचकहो, घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी आईलाच विचारले. ती म्हणाली, "लिही, पण नाव घालू नको."

वडील गंजातल्या एका डाळ मिलमध्ये दिवाणजी आहेत. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख. वाणिज्य शाखेला आल्यावर वाटले, ज्या वेळांवर आमचे घर चालते त्या ठरवल्या तरी कोणी? तेव्हा ग्रंथालयात बसून कानडीतले नियम वाचले. मराठी शाळेत शिकल्यामुळे कायद्याची कानडी जड गेली, पण 'अबकारी' हा शब्द दोन्ही भाषांत एकच निघाला. आजी अजूनही 'आबकारी' म्हणते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत गुलबर्गा हैदराबाद संस्थानात आणि मग त्याच नावाच्या राज्यात होते, तेव्हापासूनचा तो शब्द. आता कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी कायदा आहे आणि परवान्यांचे नियम १९६७ चे. बाटली विकणाऱ्या दुकानाला दहा ते साडेदहा, बसून पिण्याच्या बारला साडेअकरापर्यंत. म्हणजे दुकान मिटले तरी बार तासभर उघडा. पण बारमधली महाग पडते, म्हणून आमच्या घरापुरते साडेदहाच खरे.

१ जुलै २००७ पासून राज्यात साराई बंद झाली. आजी म्हणते, "पाकीट गेलं, बाटली आली." संविधानाचे ४७ वे कलम राज्याने दारूबंदीकडे वळावे असे सांगते, आणि दारूवरचा कर हा तिजोरीचा एक मोठा आधार आहे. सरकारी कंपनीची दारूची दुकानेही आहेत. जमेच्या बाजूला हा महसूल दिसतो. आईचे जागरण कोणत्या खात्यात मांडायचे, हे मला अजून कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

सरहद्दीपलीकडे अक्कलकोटला आत्या असते. तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा. पिणाऱ्याला परवाना हवा, आणि कडक दारूसाठी पंचविशी ओलांडलेली हवी. ऐकायला बरे वाटते. पण १० मे २०२३ ला आपल्याकडे विधानसभेचे मतदान होते. १९५१ च्या कायद्याप्रमाणे मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास विक्री बंद. त्या दिवशी वडील "सोलापूरला काम आहे" म्हणून गाडीत बसले. आईने डबा दिला, काम विचारले नाही.

मग या वेळांचा उपयोग काय? मित्र म्हणतात, "पिणारा दुपारीच आणून ठेवतो." खरे आहे. तरी मला २०२० आठवते. २५ मार्च ते ३ मे, चाळीस दिवस दुकाने बंद होती. पहिला आठवडा वाईट गेला. वडिलांचे हात थरथरत, घास खाली सांडे, शब्दाला शब्द लागे. हळूहळू ते सावरले. मी तेव्हा शाळेत होतो. एका दुपारी त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि शिकवले : "घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा." मी वाणिज्य शाखेला आलो तो त्या दुपारीमुळे. ४ मेला सकाळी नऊला दुकाने उघडली. रांगेत वडीलही होते. पण त्या दिवसांत दुकान संध्याकाळी सातलाच मिटे, आणि आमच्या घरी नऊला निजानीज होई. वेळ बदलली की घर बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

महाराष्ट्रात २००८ पासून गावातल्या वा वॉर्डातल्या बायका मतदान करून दुकान बंद करू शकतात. 'आडवी बाटली' म्हणतात त्याला. माझे मागणे एवढे मोठे नाही. सकाळी दहाला मजूर नाक्यावर ज्यांना काम मिळालेले नसते, तेच उरलेले असतात, आणि समोर शटर वर जाते. ते बारा वाजता का जाऊ नये? रात्री आठला का येऊ नये? दारू सुटणार नाही, हे मला समजते. पण वेळ ठरवताना वाट पाहणाऱ्यांनाही एकदा विचारावे.

काल रात्री तेरीज जुळत नव्हती. साडेदहाचे शटर वाजले. वडील आतून आले, चष्मा लावला आणि थरथरते बोट एका रकमेवर ठेवले. "इथं बाजू चुकलीस," म्हणाले.

खरेच चुकली होती.

— एक विद्यार्थी, बी. कॉम., द्वितीय वर्ष