गळ आणि दोरा

आम्हांस मासे धरतां येत नाहींत, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. जन्म रेवदंड्याचा, घर कुंडलिकेच्या मुखापासून हांकेच्या अंतरावर, आणि मासे खाण्याच्या बाबतींत आमचें घराणें कायस्थ प्रभूंच्या लौकिकास अगदीं साजेसें; परंतु गळ आमच्या हातीं आला कीं त्यास मासा सोडून जगांतील इतर सर्व वस्तू लागत. शेवाळ लागे, खडक लागे, आणि एकदां तर वाळत घातलेलें शेजाऱ्यांचें धोतर लागलें. तथापि गळ जेथें विकत मिळतात त्या दुकानांविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे, असें आम्ही समजतों. तो कसा, तें पुढें येईलच.

आमचे काका लालबागच्या एका कापडगिरणीच्या कचेरींत हिशेबनीस होते. आठवड्याचे साडेपांच दिवस ते सूत, कापूस आणि मजुरी यांचे आंकडे मांडीत. उरलेला दीड दिवस ते सर्वस्वीं जिताड्याचे असत. शनिवारीं दुपारीं कचेरी सुटली कीं ते प्रथम नागदेवी स्ट्रीटकडे जात, तेथून भाऊच्या धक्क्यावर, आणि मग लाँचीनें रेवस गांठून एस. टी. नें घरीं. हा धक्का १८४१ सालीं लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनीं बांधविला. कोंकणांतल्या चाकरमान्याचे त्यांनीं केवढे पांग फेडले, याची त्यांस कल्पनाही नसेल. लाँचीचा हा मार्ग आमच्या आजीस मात्र कधींच रुचला नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अंवसेस, 'रामदास' बोट याच वाटेवर काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आजीच्या माहेरचे दोघे त्या बोटींत होते. काकांचें पाऊल उंबऱ्यांत पडेपर्यंत ती देवापुढचा दिवा विझूं देत नसे.

सुटींत आम्ही मुंबईस असलों म्हणजे काका आम्हांस दुकानांत बरोबर नेत. नागदेवी हा लोखंडी सामानाचा बाजार. साखळदंड, कप्प्या, दोरखंडें, तेलाचे पंप यांच्या राशींमधून वाट काढीत एका गल्लींत वळलें कीं बोहरी शेठांचें तें दुकान लागे. रुंदी एका दाराएवढी. खोली मात्र एखाद्या गुहेसारखी. पुढच्या भागांत कोळ्यांचा माल असे: जाळ्यांचें सूत, बुया, शिशाच्या गोळ्या, पागासाठीं लागणाऱ्या बारीक दोरीच्या लडी. मागच्या भागांत, कांचेच्या कपाटांत, हौशी लोकांचा माल. करंजा, थळ, वरसोली येथील कोळी मंडळी पुढच्या भागांत उभीं राहून मोठमोठ्यानें घासाघीस करीत. गळ टाकून बसणारे कारकून, पारशी आणि मिशनरी मागें जाऊन हलक्या आवाजांत बोलत. पहिल्यांस मासे मिळत आणि दुसऱ्यांस मनःशांति, असा आमचा त्या वेळचा समज होता.

दुकानाचा वास अजून नाकांत आहे. डांबर, ताग, गंजविरोधक तेल आणि शेठांच्या कपड्यांवरचें अत्तर, असें तें मिश्रण होतें. शेठ सोनेरी कांठाची टोपी घालून गादीवर बसत. काकांस पाहतांच ते म्हणत, "आवो, काका! मोठा मच्छी मिळाला काय?" काका म्हणत, "मिळाला होता, सुटला." हा संवाद आम्हीं निदान वीस वेळां ऐकला. सुटलेला मासा प्रत्येक वेळीं शेरभर तरी वाढलेला असे; शेठ त्याविषयीं कधीं तक्रार करीत नसत.

गळांची परीक्षा आम्ही तेथेंच शिकलों. नॉर्वेच्या मुस्ताद कंपनीचे गळ किल्लीच्या छापाच्या पेटींतून येत. खाऱ्या पाण्यासाठीं कलई केलेला गळ घ्यावयाचा, कारण नुसत्या पोलादास खाडीचें पाणी आठवड्यांत खाऊन टाकतें. गळाचें टोंक अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढावें. घसरला तर परत ठेवावा, अडकला तर घ्यावा. गळांच्या आंकड्यांची रीत तर आम्हांस फारच चमत्कारिक वाटे. दहा नंबरचा गळ लहान, पांचाचा त्याहून मोठा, एकाचा आणखी मोठा. आणि एकाच्या पलीकडे शून्यें सुरू होऊन मापें पुन्हां उलट दिशेनें वाढूं लागत. काका स्वतः हिशेबनीस, तरी त्यांस या गणिताचा कधीं त्रास झाला नाहीं. एकदां शेठांनीं कागदाच्या जुनाट पुडींतून तारेसारखा एक पिंवळट तंतु काढून दाखविला. रेशमाच्या किड्याची ग्रंथि शिरक्यांत भिजवून आणि ताणून स्पेन देशांत हे तंतु करीत. नायलॉन आल्यावर तो धंदा बसला, आणि ती पुडी तीस वर्षें गिऱ्हाइकाची वाट पाहत कपाटांत राहिली.

या छंदाकडे आपले लोक साहेबाची नक्कल म्हणून पाहतात. आम्हीही पाहत होतों. पुढें वाचन वाढल्यावर लाज वाटली. इझाक वॉल्टनचें प्रसिद्ध पुस्तक १६५३ चें. त्याच्या पांचशें वर्षें आधीं कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजानें 'मानसोल्लासां'त 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण घालून कोणता मासा कोणत्या आमिषास भुलतो याची चिकित्सा केली आहे. काठीची हकीकतही अशीच. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंतील कारागीर ज्या बांबूच्या चिरफळ्या जोडून उंची काठ्या करीत, तो बांबू प्रथम कलकत्त्याहून जात असे. चिनी बांबूनें त्यास मागाहून हुसकलें. म्हणजे शेठांच्या कपाटांत जी विलायती काठी विसाव्या शतकांत पाहुणी म्हणून येऊन बसली होती, तिचें माहेर इकडचेंच. वॉल्टन स्वतः लंडनच्या लोखंडसामान विकणाऱ्यांच्या संघाचा सभासद होता, हें कळल्यावर मात्र आम्हांस तो एकदम नागदेवीचा रहिवासी वाटूं लागला.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागें घेतला गेला असें कधीं झालेंच नाहीं. काका संपकरी नव्हते, पण धूर न ओकणाऱ्या गिरणींत हिशेब तो कसला मांडावयाचा? पगार प्रथम अर्धा झाला, मग थांबला. त्या उन्हाळ्यांत काका बिऱ्हाड मोडून रेवदंड्यास आले. आमच्या जिल्ह्याचें कुलाबा हें नांव जाऊन रायगड झाल्यास तेव्हां जेमतेम सवा वर्ष लोटलें होतें. काका पत्रावर 'जिल्हा कुलाबा' असेंच लिहीत. जो मासा पूर्वीं रविवारची गंमत होता, तो आतां घरच्या जेवणांत मोजला जाऊं लागला. काकांचें बोलणें कमी झालें. सुटलेल्या माशांच्या गोष्टी त्यांनीं सांगणें सोडून दिलें.

१९८३ च्या जूनमध्यें आम्ही कॉलेजसाठीं मुंबईस आलों. काका पत्रांतून याद्या धाडीत, आम्ही शेठांकडून सामान आणीत असूं, आणि शेठ तें गुजराती वहींत मांडून ठेवीत. पैशाचा शब्द त्यांनीं काढला नाहीं. दिवाळीस घरीं गेलों तेव्हां काकांनीं आम्हांस परसांत बोलावून ११० रुपये हातांत ठेविले. आदल्या आठवड्यांत त्यांस मोठा जिताडा लागला होता, आणि आयुष्यांत पहिल्यानें त्यांनीं मासा विकला होता. तोहि बंदरावर, ओळखीच्या माणसांदेखत. "शेठांचे आधीं देऊन टाक," ते म्हणाले, "त्यांनीं मागितले नाहींत, म्हणूनच."

त्या पैशांची आम्हीं पँट शिवली. कॉलेजचें स्नेहसंमेलन जवळ आलें होतें आणि आमच्याजवळ होती तिच्या गुडघ्यांस ठिगळें होतीं. पुढच्या महिन्याच्या शिकवणींतून भरपाई करूं, असें आम्हीं ठरविलें. शिकवणी मिळाली नाहीं. काकांस लिहिलें कीं पैसे पोंचले. मग शेठांचें तोंड पाहण्याचा धीर होईना. पुढची यादी आली तेव्हां आम्हीं दुसऱ्याच एका दुकानांतून स्वस्त गळ घेतले. जुन्या दुकानाची एक रिकामी पेटी आमच्याजवळ होती, तींत ते भरले, आणि धाडून दिले. नखावर ओढून पाहण्याचेंही आम्हांस सुचलें नाहीं.

फेब्रुवारींत काकांचें पत्र आलें. रात्रभर बसून एक जिताडा लागला होता. कांठाशीं आणतां आणतां गळ सरळ झाला आणि मासा गेला. माशाचें वजन त्यांनीं लिहिलें नव्हतें, त्यावरून तो खरोखरच मोठा असावा. शेवटीं एकच ओळ होती: शेठांनीं आपल्याला असला माल द्यावा हें कांहीं ठीक झालें नाहीं. आम्हीं उत्तरांत हवापाण्याचें लिहिलें.

त्यानंतर काकांनीं यादी धाडली नाहीं. ते १९९१ सालीं वारले. सांगण्याची संधि या सात वर्षांत आम्हांस मिळाली नाहीं असें म्हणणें खोटें होईल. दर सुटींत मिळत होती.

१९९४ सालीं आम्ही पैसे घेऊन नागदेवीस गेलों. शेठ नव्हते. गादीच्या जागीं टेबल आलें होतें, त्यांचे चिरंजीव नायलॉनचीं दोरखंडें आणि विजेच्या मोटारी विकीत होते. आम्हीं सर्व हकीकत सांगितली, पँटीसह सांगितली. त्यांनीं ती एखाद्या हुंडीचा मजकूर ऐकावा तशी ऐकून घेतली. जुन्या वह्या रद्दींत गेल्या होत्या. मग ते म्हणाले, "किती?" आम्ही म्हणालों, ११०. व्याजाचें आम्हीं विचारलें, त्यावर ते हंसले. शंभर रुपये मोजून पेटींत टाकले, दहा परत केले, "हें डिस्काउंट," म्हणाले, आणि गुजरातींत पावती लिहून दिली. उदार मनानें त्यांनीं सगळेच नाकारले असते तर आम्ही काय केलें असतें, कोण जाणे. शंभर रुपये त्यांनीं घेतले याबद्दल आम्ही त्यांचे आजन्म ऋणी आहों.

पुढें कांहीं वर्षांनीं तेंही दुकान गेलें. आतां गळ हवा असेल तर टेलिफोनवर बोट फिरवावें, दोन दिवसांत दारांत येऊन पडतो. आमचा पुतण्या तसेच मागवितो, आणि त्याचे गळ चांगले असतात.

गेल्या मे महिन्यांत घराचा माळा साफ करतांना काकांची पत्र्याची डबी सांपडली. शिशाच्या चार गोळ्या, तुटक्या दोऱ्याची एक गुंडी, किल्लीच्या छापाची ती पेटी. पेटींत गळ उरले नव्हते. वहीच्या कागदांत गुंडाळलेली एक तार होती. ती तार म्हणजे सरळ झालेला तो गळ. कागदावर काकांच्या हिशेबी अक्षरांत लिहिलें होतें: 'मुंबईस गेल्यावर शेठांस दाखविणें.'