चमच्यांची खरेदी

आमच्या घरांत चमचे नव्हते असें कोणी म्हणणार नाहीं. ओट्याखालचा खण उपडा केला असता तर चाळीस-एक तरी निघाले असते. परंतु त्यांतले कोणतेही दोन एकमेकांचे सख्खे नव्हते. कांहीं मुंजीच्या आहेरांत आलेले, कांहीं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटलेल्या वाणांतले, तर कांहीं चहाच्या पुड्याबरोबर फुकट पदरांत पडलेले. पातळ तर इतके, कीं घट्ट चक्क्यांत घातले कीं मान टाकीत. तरी गेलीं पंचवीस वर्षें आमचें कांहीं अडलें नाहीं, कारण आम्हां तेरा माणसांच्या घरांत जेवण हाताचेंच. चमचा म्हणजे चहांत साखर ढवळण्याचें, मुलांना औषध पाजण्याचें आणि पाहुण्यांपुढें पोह्यांच्या बशींत ठेवण्याचें साधन. वाढायला पळी, डाव, ओगराळें, झारा हीं होतींच. तीं सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचीं, पितळेचीं आणि घसघशीत वजनाचीं.

गेल्या माघांत सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला. जीव वांचला, वाचा परत आली, पायही हळूहळू जमिनीवर टेकूं लागले. उजव्या हाताचीं बोटें मात्र पुरतीं मिटेनात. वरणभाताचा घांस उचलावा तो ओठांपर्यंत पोंचण्याच्या आधींच ताटांत सांडे. मी भरवायला गेलें तर त्या तोंड फिरवीत. "सूनबाई, मीं चार मुलांना आणि नऊ नातवंडांना भरवलें. आतां मला कोणी भरवायचें नाहीं." डाव्या हातानें जेवण्याची तर गोष्टच नको, ८३ वर्षांच्या वळणांत तें बसणारें नव्हतें. शेवटीं त्यांनीं पंगतीला येणेंच सोडलें. आपल्या खोलींत, दार लोटून, पेल्यांतून पेज पीत. महिन्याभरांत त्यांच्या हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकूं लागल्या.

चमचे चांगले आणावेत असें थोरल्या भाऊजींनीं सुचविलें आणि घरांत एकाएकीं सर्वांना मतें फुटलीं. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याचें म्हणणें, आणायचेच तर काटे-सुऱ्यांसकट पुरा संच आणावा. मी त्याला म्हटलें, "बाबा रे, ज्वारीची भाकरी आणि पिठलें काट्यानें खाऊन दाखव, मग आणूं." वास्तविक काट्याला खुद्द इंग्रजांनीं तरी कुठें सुखासुखीं घरांत घेतलें? टॉमस कोरियट नांवाच्या इंग्रज प्रवाशानें इटलींत पाहिलेली काट्यानें जेवण्याची रीत उचलली आणि १६११ सालीं आपल्या प्रवासवर्णनांत ती लिहिलीही. तेव्हां त्याच्या मित्रांनींच त्याची टर उडविली. देवानें बोटें दिलीं असतां हें काय, असें म्हणणारीं वडील माणसें सर्व देशांत सारखींच असावींत.

माझ्या मनांत मात्र चांदीच होती. सोंवळ्याओंवळ्याच्या विचारानें सासूबाई स्टीलच्या चमच्याला नाहीं म्हणतील, चांदीला म्हणणार नाहींत, असा माझा हिशेब. शिवाय खामगांव आमच्याच जिल्ह्यांतलें. १८७० सालीं जलंबहून तेथवर आगगाडीचा फांटा आला तो कापसासाठीं. पण आज परगांवचे लोक त्या गांवाला ओळखतात ते चांदीसाठीं, आणि 'रजतनगरी' हें त्याचें दुसरें नांवच होऊन बसलें आहे. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटानें जावें तर वाट ज्ञानगंगा अभयारण्यांतून उतरते. अस्वलांच्या गोष्टी सांगणारा एखादा सहप्रवासी एस. टी. मध्यें हटकून भेटतो. मलाही भेटला. माझें लक्ष मात्र पदराच्या गांठीकडे होतें. चार वर्षें घरखर्चांतून बाजूला टाकलेले पैसे तींत होते.

पेढीवरच्या वृद्ध गृहस्थांनीं पहिला प्रश्न विचारला तो असा : "चमचा पूजेला पाहिजे कीं जेवायला?" जेवायला म्हणतांच त्यांनीं शुद्ध चांदीचा चमचा बाजूला ठेवला. शुद्ध चांदी फार मऊ. रोजच्या वापरांत दांडी वांकते. म्हणून जेवणाच्या चांदींत थोडें तांबें मिसळावें लागतें. हजारांत ९२५ भाग चांदी असली कीं तिला स्टर्लिंग म्हणतात. जर्मन सिल्व्हर नांवाच्या मालांत तर चांदीचा कणही नसतो, तें तांबें, जस्त आणि निकेल यांचें मिश्रण, हेंही त्यांनीं बजावलें. "आणि बाई, गरम पदार्थाला जपा," असें ते निघतांना म्हणाले होते. पण गांठ सोडण्याच्या भरांत तें माझ्या कानांवरून गेलें.

घरीं येतांच शेवयांची खीर केली आणि नवा चमचा वाटींत उभा करून सासूबाईंपुढें ठेवला. त्यांनीं कष्टानें बोटें वळवून दांडी धरली आणि दुसऱ्याच क्षणीं चमचा खणकन् फरशीवर! चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाहीं, हें शाळेंत घोकलेलें वाक्य मला तेव्हां आठवलें. दांडीही बारीक, गुळगुळीत. अधू मुठींत ती ठरतेच कशाला? सासूबाई रागावल्या नाहींत. "देव्हाऱ्यांत ठेव, तीर्थाला होईल," एवढेंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्या रात्रीं माझा मला फार राग आला. त्यांच्या हाताला काय हवें तें न पाहतां, माझ्या मोठेपणाला काय शोभेल तें मीं विकत आणलें होतें.

दुसऱ्या खेपेला गांवांतल्याच भांड्यांच्या दुकानांत गेलें आणि तासभर ठाण मांडून बसलें. स्टीलची हकीकत मौजेची आहे. १९१३ सालीं शेफील्डमध्यें हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लौकर झिजूं नयेत म्हणून लोखंडांत क्रोमियम मिसळून पाहत होता; त्यांतून न गंजणारें पोलाद हाताला लागलें आणि बंदुकींऐवजीं जेवणाच्या सुऱ्यांत तें नांवारूपाला आलें. चमच्यावर १८/८ असा आंकडा असला तर त्यांत शेंकडा १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल आहे असें समजावें. आंबट वरण, लोणचें, ताक यांना असलें स्टील चांगलें तोंड देतें. पुष्कळ भगिनी लोहचुंबक लावून परीक्षा करतात. ती निम्मीच खरी. निकेल नसलेलें स्वस्त स्टील चुंबकाला चिकटतें हें खरें. परंतु निकेल कमी करून मँगनीज घातलेलें हलकें स्टीलही चिकटत नाहीं. म्हणून आंकडा पाहावा, वजन पाहावें, आणि कडेवरून आंगठा फिरवावा. कड बोचली तर ओठालाही बोचणार. मान दाबून पाहावी. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालूं द्याव्या.

वाटीच्या खोलीचाही मीं पुष्कळ विचार केला. उथळ चमच्यांतून पातळ वरण सांडतें. फार खोल असला तर ओठांनीं तो पुरता रिकामा होत नाहीं. मधला निवडला. दांडी रुंद, पण हातांत वजन भरूं नये इतपत. आणि एक न घेतां अठरा घेतले, सगळे एका घाटाचे.

त्यांतल्या एका दांडीला सासूबाईंच्याच जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून मीं वर टांके घातले. लाटण्याच्या मुठीएवढी जाडी झाली. मिटेना ती मूठ तेवढ्यावर बरोबर बसली. पण खोलींतून बाहेर यायला त्या तयार होत ना. "सगळे हातानें जेवणार आणि मी एकटी चमच्यानें, चहाच्या टपरीवर बसल्यासारखी!"

त्या रविवारीं मीं तेराही ताटांत चमचा वाढला. मुलें खुदुखुदु हसलीं. जन्मांत वरणभाताला चमचा न लावलेले थोरले भाऊजी क्षणभर घुटमळले. मग त्यांनीं चित्राहुती घातल्या, आपोशन घेतलें, पहिले घांस रिवाजाप्रमाणें हातानें घेतले आणि मुकाट्यानें चमचा उचलला. त्यांच्या मिशांना वरण लागलें. सासूबाई उंबऱ्यांत उभ्या राहून तें पाहत होत्या. मोठ्या नातीनें भिंतीशीं खुर्ची व समोर चौरंग मांडला होता. त्या येऊन बसल्या. दोन घांस सांडले, तिसरा पोंचला. पांचसहा घांसांनंतर त्या थांबल्या, तेव्हां माझ्या पोटांत धस्स झालें.

"सूनबाई, वरणांत मीठ कमी पडलें आहे."

पुढच्या वेळेपासून बाकीचे सारे पुन्हां हातानें जेवूं लागले आणि त्यांना त्याचें कांहीं वाटेनासें झालें. कापडाची पट्टी रोज धुवावी लागते आणि लौकर वाळत नाहीं, म्हणून तसल्या तीन दांड्या करून ठेवल्या आहेत. अठरांतले सतराच चमचे सध्यां मोजायला मिळतात. अठरावा अंगणांत आळीं करण्याच्या कामीं लागला असावा असा धाकट्या पुतण्यावर माझा वहीम आहे.