सोनं म्हटलं, पण कस लावला नाही



आज फवारणीचं, खताचं काही लिहीत नाही. एका शब्दाबद्दल लिहायचंय. शब्द मी पेरला आणि नुकसान दुसऱ्याच्या रानात झालं.

गेल्या खरिपात वाटाणा काढल्यावर याच पानावर मी लिहिलं होतं, की यंदा वाटाण्यानं सोनं केलं, पोती उचलायला माणसं पुरली नाहीत. सोबत फोटो. तुम्ही मंडळींनी भरभरून कौतुक केलं आणि मीही फुगलो.

यंदा गणपतीच्या चार दिवस आधी एका पोराचा फोन आला. शेजारच्या तालुक्यातला, पंचविशीचा. म्हणाला, "काका, तुमचं वाचून तीन एकर वाटाणा केला. काळं रान, पाणी साचलं, मर लागली. बियाण्याचे पैसेबी निघंनात."

मी म्हणालो, "अरे, पहिल्याच वर्षी तीन एकर कशाला?"

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सोनं म्हणाला होता ना."

काय सांगणार त्याला? माझा वाटाणा होता वीस गुंठे. पहिल्या तोड्याला आवक कमी होती म्हणून भाव सापडला. आणि पोती उचलायला माणसं पुरली नाहीत, कारण त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, मी आणि आमची मंडळी.

डोक्यात हे घेऊनच गणपतीला ताईकडं गेलो, मुंबईत माहीमला. संध्याकाळी दाजी म्हणाले, चल, शिवाजी पार्कावर चक्कर मारू. या मैदानाचं आधीचं नाव माहीम पार्क. १९२७ साली शिवाजी पार्क झालं. कट्ट्यावर बसल्यावर दाजी जुन्या आठवणी सांगायला लागले. ते आता सत्तरीत आहेत. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी इथं आचार्य अत्र्यांची सभा पाहिलेली. अत्रे म्हणजे आमच्या पुरंदरचे, कोडीतचे, १८९८ चा जन्म. म्हणून मी कान टवकारले. दाजी म्हणाले, "अत्रे बोलायला उभे राहिले, की इथं दहा लाख माणूस असायचं."

आपली शेतकऱ्याची खोड जात नाही. मैदान साधारण २८ एकर. दोन बाय दोन फुटावर एक माणूस बसवला, तर एकरी १०,८९०. म्हणजे सगळे मिळून तीन लाख पाच हजाराच्या आत. तेही स्टेज नाही, पायवाट नाही, बांध नाही असं धरून. दाजींना हिशोब सांगितला तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "तू काय रोपं मोजतोस का रे? दहा लाख म्हणजे मावत नव्हती एवढी!"

मी तिथंच अडकलो. दाजी खोटं बोलत नव्हते. त्यांना आकडा सांगायचाच नव्हता. खांद्यावरनं सगळीकडं डोकीच डोकी दिसणाऱ्या पोराला जे वाटलं, ते सांगायचं होतं. माझा हिशोब बरोबर होता, पण त्या सभेत काय होतं ते त्या हिशोबात येत नव्हतं.

खुद्द अत्र्यांचंही तसंच. एखादी गोष्ट आवडली किंवा खटकली, की गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही, हा त्यांचा थाट प्रसिद्धच. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. दहा हजार वर्षांचा उतारा काढायला कुणी तलाठ्याकडं गेलं नाही. बोलणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक, की हे माप नाही.

दहावीला आम्हाला अतिशयोक्ती अलंकार होता. त्यातलं दमडीच्या तेलाचं गाणं तुम्हालाही आठवत असेल. एका दमडीच्या तेलात घरातल्या सगळ्यांचं भागतं, वर उरतं, आणि सांडलेल्या तेलात उंट वाहून जातो. वर्गात आम्ही हसायचो. आता वाटतं, ज्या बाईला खरंच दमडीच्या तेलात घर भागवावं लागायचं, तिनंच हे रचलं असणार. नसलेल्या तेलाचा पूर केला आणि आपलं दुःख हसत सांगितलं. मुक्ताबाईंच्या अभंगात तर मुंगी उडते आणि सूर्याला गिळते. मुंगी केवढी होती, असं आजवर एकाही वारकऱ्यानं विचारलेलं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींबरोबर माहीमच्या खाडीकडं गेलो. मिठी नदी तिथं समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ ला दाजी कामावरनं छातीभर पाण्यातनं चालत घरी आले होते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्याकडं मंडळात २४ तासांत ६५ च्या वर गेला, की अतिवृष्टी धरतात. आमच्या शिवारात तर ९४४ वर्षभरातही पडत नाही. आणि आपण काय करतो? दोन सरी जोरात आल्या, की आभाळ फाटलं म्हणतो. मग ज्या दिवशी खरंच फाटतं, त्या दिवशी म्हणायला शब्द शिल्लक नसतो. दाजींनीही तो दिवस सांगताना आभाळ फाटलं म्हटलं नाही. नुसता आकडा सांगितला आणि माझ्या अंगावर काटा आला.

पंचनाम्यालाही हेच होतं. सगळं गेलं, होत्याचं नव्हतं झालं, असं आपण सांगतो. ज्याचं गेलंय त्याच्या तोंडात ते शोभतं. पण कागदावर प्रश्न एवढाच असतो, की नुकसान ३३ टक्के किंवा त्याच्या वर आहे का. २०१५ च्या आधी हीच अट ५० टक्क्यांची होती. चाळीस टक्के गेलेलाही सगळं गेलं म्हणायला लागला, तर ज्याचं खरंच सगळं गेलं त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

परतीच्या एसटीत बहिणाबाई चौधरी आठवल्या. लिहिता-वाचता न येणारी शेतकरी बाई. त्या गेल्या १९५१ ला, गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ ला. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती गाणी अत्र्यांना दाखवली, तेव्हा अत्रे म्हणाले, हे तर बावनकशी सोनं आहे. माझाच शब्द, सोनं! पण अत्र्यांनी गाणी आधी बघितली, कस लावला, मग सोनं म्हटलं. आणि बहिणाबाईंनीही उपमा घेतल्या त्या रोज हात लागणाऱ्या वस्तूंच्या, तवा, मोट असल्या. मी मात्र वीस गुंठ्यांवर आणि एका दिवसाच्या भावावर सोनं म्हणून मोकळा झालो.

म्हणून उद्यापासून इथं नुसते आकडे लिहीन असं नाही. त्यानं पान कोरडं होईल. मोती, सोनं, आभाळ, सगळं येऊ द्या. पण ज्या ओळीवर दुसरा माणूस बियाण्याला पैसे घालणार आहे, त्या ओळीशेजारी माप लिहीन. चमत्कारी बाटल्यांच्या जाहिरातींना आपण शिव्या देतो. त्यांच्यात आणि माझ्यात एवढा तरी फरक राहू दे.

तर गेल्या वर्षीची नोंद दुरुस्त करतो. क्षेत्र २० गुंठे. रान हलकं, मुरमाड, निचऱ्याचं. तोडे तीन: ४ क्विंटल, साडेतीन क्विंटल, दीड क्विंटल. भाव किलोला ८०, ५५ आणि ३० रुपये. एकूण ५५,७५० रुपये. मजुरीसकट खर्च १९,०००. हातात ३६,७५०. शेवटच्या तोड्याला भुरी होती, गंधक दोनदा फवारलं. काळ्या, पाणी धरणाऱ्या रानाचा मला अनुभव नाही. हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

घरी आल्यावर पोराला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं आणि माझं चुकलं म्हणालो. तो म्हणाला, "काका, हे वाचलं असतं तर दहाच गुंठे केला असता."