दोन्हीकडून कुरतडलेली सुट्टी

आमच्या मुरबाड तालुक्यात उन्हाळा भेंडीच्या वावरात सुरू होतो. एक दिवसाआड तोडा. भेंडी बोटाएवढी असतानाच तोडायची. एक दिवस जास्त राहिली की जून होते, आणि परदेशी जाणारा माल मग बाजारात ढिगावर विकावा लागतो. तिच्या लवेनं हात खाजतात, म्हणून पोरं जुने मोजे हातात चढवून तोडायला येतात. मोठ्या माणसांना मोज्यांची गरज वाटत नाही, कारण आमच्या हातांची खाजायची सवयच गेली आहे.

2025च्या एप्रिलात या तोड्याचं गणित बिघडलं. शाळा सकाळची झाली, सात ते सव्वाअकरा. तोड्याची वेळही तीच. शिवाय एरवी एप्रिलच्या मध्याला उरकणाऱ्या परीक्षा त्या वर्षी राज्यभर 25 तारखेपर्यंत चालल्या. गुरुजींचं म्हणणं मला पटत होतं: परीक्षा लवकर आटोपली की पोरं शाळेकडे फिरकत नाहीत आणि महिना संपेपर्यंत वर्ग रिकामा राहतो. पण सासूबाई ओट्यावर बसून रोज विचारायच्या, "अजून किती पेपर राहिलेत गं?" त्यांची चिंता गुणांची नव्हती, राबाची होती.

राब म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं, ती जमीन भाजणं. शेणाचा थर, त्यावर वाळलेली कवळ, म्हणजे झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, मग पातेरा, गवत आणि सगळ्यात वर चाळल्यासारखी बारीक माती. सकाळी वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे भडका न होता सावकाश धुमसतं. तणाचं बी जळतं आणि राखेचं खत होतं. शेतकी खात्याची माणसं सांगतात, भाजू नका, रान तुटतं, जमिनीतले जीव मरतात. खोटं नाही ते. पण बिनभाजल्या वाफ्यातलं तण उपटायला लागणारे हात कोण देणार, हे मात्र त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही. आमचे हे मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. राहिले कोण? सासूबाई, मी आणि परीक्षेतून सुटायची असलेली दोन पोरं. पातेरा गोळा करून डोक्यावरून आणणं हे पोरांचंच काम, आणि ते त्यांना आवडतंही. त्या निमित्तानं रानात करवंदं सापडतात, अळू सापडतात, घरी यायला उशीर झाला तरी कोणी रागावत नाही.

1 मेला झेंडावंदन आणि निकाल एकदमच झाला. धाकटीनं प्रगतिपत्रक सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं आणि दहा रुपये दिले. दुसऱ्या दिवसापासून पातेऱ्याला लागलो.

तेवढ्यात डोंबिवलीहून वन्सं आल्या, मुलांना घेऊन. त्यांचं सासर 2015मध्ये महापालिकेत गेलेल्या 27 गावांपैकी एक. सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता बारा मजली इमारत आहे. त्यांच्याकडे नळाला बारवीचं पाणी येतं. धरण आमच्या बाजूचं, आणि मे महिन्यात आमच्या वरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत ठेवलेले असतात. हे मी वन्संना दरवर्षी ऐकवते. त्या म्हणतात, "वहिनी, मी काय पाइप टाकला का?" मग दोघी फेण्यांचं पीठ भिजवायला बसतो.

आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, सगळी कामं मे महिन्यावर भरवसा ठेवून असतात. फेण्या, कुरडया, तांदळाचे पापड, मसाल्याच्या मिरच्या, कडधान्यांना ऊन दाखवणं, सुकट-बोंबील, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरपण आणि गोवऱ्या कोरड्या जागी चढवणं. त्या वर्षी 6 मेच्या संध्याकाळी ठाणे-कल्याणकडून धुळीचं वादळ आलं आणि पाठोपाठ पाऊस. आम्हाला वाटलं, वळीव आहे, पडेल आणि जाईल. तो गेलाच नाही. एक दिवस ऊन, दोन दिवस मळभ. कुरडया घरात पंख्याखाली पसरल्या, तरी त्यांना वास आला. रायवळ आंबा झाडाखाली सडला. भाजायचा राहिलेला अर्धा राब भिजून चिखल झाला. वन्संच्या मुलानं करवंदांसाठी आणलेला डबा रिकामाच परत नेला. त्याला सर्वांत वाईट त्याचंच वाटलं.

आमच्यापेक्षा हाल झाले ते वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबांचे. दिवाळीनंतर ती माणसं बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जातात, उचल फेडतात. कच्ची वीट पावसात विरघळली तर मोलाचा हिशोब कसा होतो ते भट्टीवाल्यालाच माहीत. त्यांच्या पोरांना परीक्षा पंधरवड्यानं पुढे गेली काय आणि अलीकडे आली काय, सारखंच. शाळेच्या यादीत त्यांची नुसती नावं असतात.

26 मेला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचं जाहीर झालं. पंच्याहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे. रोहिणी नक्षत्रात आम्ही धूळवाफ्यावर पेरतो, म्हणजे कोरड्या मातीत बी टाकून पावसाची वाट बघायची. धूळच उरली नाही तर पेरणार कशात? शेवटी रहू केला: बी भिजवून, गोणपाटात दाबून मोड आणले आणि चिखलात फोकलं. सासूबाईंना हे पसंत नव्हतं. त्या मोड आलेल्या दाण्यांकडे उसळीकडे बघावं तशा बघत होत्या. रोप मात्र बरं उतरलं. तणही तितकंच जोमानं आलं, ते ओणव्यानं काढताना माझी कंबर धरली. मुलं मदतीला होती ती 15 जूनपर्यंत. 16ला शाळा उघडली आणि दोघं गणवेश घालून, तेल लावून निघाली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद मला स्पष्ट दिसला.

त्यानंतरच्या थंडीत म्हशाच्या जत्रेहून घोंगडी घेऊन आलो, त्याच आठवड्यात सासूबाईंनी सगळ्यांना कवळ तोडायला लावलं. पातेरा फेब्रुवारीत रविवारी-रविवारी आणायचा आणि होळीनंतर लगेच राब भाजून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. कुरडयाही मार्चमध्येच होणार. पोरांनी विचारलं, "मग मे महिन्यात आम्ही काय करायचं?"

"अभ्यास करा," सासूबाई म्हणाल्या.